बरणीतली मादी

निकम मॅडमना कुणी काहीही दाखवलं तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "कुठून आणलं?"

ते काय आहे, कसं आहे, चांगलं आहे की नाही, हे सगळं नंतर. डब्यातलं भरीत पुढे केलं तर "वांगी कुठली?" कुणी नवी साडी नेसून आली तर "कोणत्या पेठेतली?" जळगावच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, आणि आम्हाला वाटायचं, बाईंना चौकशीची खोडच आहे. त्या खोडीत काय दडलंय हे कळायला मला वर्ष लागलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धरणगावजवळच्या खेड्यातून रोज गाडीने जळगावला यायची. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी आजही मान ताठ करून सांगते. का नाही सांगायचं? आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कॉलेजात घातलं तेव्हा गावातल्या शहाण्यांनी त्यांना विचारलं होतं, "पोरगी बेडकं कापाले शिकी ऱ्हायनी का?" आबा म्हणाले होते, "तुम्हनं पोट दुखी तव्हय ती कामले यी."

पण बेडूक राहिला बाजूला. मॅडमनी आम्हाला नादी लावलं ते समुद्रातल्या गोगलगायीच्या. तेही जळगावात, जिथे पाणी म्हटलं की तापी, नाहीतर विहीर!

मॅडम बुटक्या, चालणं भरभर, पदर कमरेला खोचलेला. गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग. दोन्ही एकमेकांवर आपटून किण किण वाजायचं आणि व्हरांड्यातूनच कळायचं की आल्या. शिकवताना पुस्तकी, स्वच्छ मराठी. पण एखादी गोष्ट मनासारखी सापडली की सरळ अहिराणीत उतरायच्या. त्यामुळे मॅडम अहिराणी बोलायला लागल्या की आम्ही बाकावरून उठून टेबलाभोवती गोळा व्हायचो. काहीतरी भारी दिसणार हे ठरलेलं.

बरणीची पहिली भेट अशीच झाली. विभागाच्या म्युझियममध्ये काचेच्या कपाटात एक बरणी होती. तीत फॉर्मॅलिनमध्ये शंखाबाहेर काढलेली एक गोगलगाय. जातीचं नाव थायस. खडकावर राहते, कालवांच्या शिंपल्यांना भोक पाडून आतलं मांस खाते. बरणीवर सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, "थायस, नर". हे अक्षर विभागप्रमुख चौधरी सरांचं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी स्वतः हा नमुना आणला होता. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत लेबल झाकून तो दर वर्षी ठेवला जाई, पोरं "नर" लिहीत आणि मार्क घेऊन जात.

मॅडमनी ती बरणी तासाला आणली, चिमट्याने प्राणी वर धरला आणि म्हणाल्या, "उजव्या शिंगाच्या मागे हे काय दिसतंय?"

मुली खाली बघायला लागल्या. शेवटच्या बाकावरचा वसंता फसकन हसला.

"हसून घ्या," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांनी एकदाच हसून घ्या, म्हणजे पुढे वर्षभर खोळंबा नको. हे लिंग आहे. शब्द शुद्ध मराठी आहे, बोर्डावर लिहिते." आणि लिहिला की खरंच! मोठ्या अक्षरात. पोरांचं हसणं आपोआप विरलं. फळ्यावरच्या अक्षराला किती वेळ हसणार?

"तर मग हा कोण?"

"नर," आम्ही सगळे एका सुरात.

मॅडमनी भिंग डोळ्याला लावलं. प्राण्याच्या पातळ कातडीतून आत काहीतरी जाड, पिवळट दिसत होतं. ते दाखवताना त्यांचा आवाज चढला. "आते देखा! ही गोगलगाय अंडी उघडी टाकत नाही. बारक्या कुप्यांत भरून खडकाला चिकटवते. त्या कुप्या बनवणारी ही ग्रंथी. आणि ही ग्रंथी फक्त मादीला असते. कोन म्हनस नर शे? हाई मादी शे, मादी!"

वसंता उभा राहिला. "मॅडम, मादीला ते कुठून आलं?"

मॅडमचा चेहरा असा उजळला, की वाटलं आता त्याला पेढाच देतील. "शाब्बास. 'कुठून' विचारलंस. हेच शोधायचंय."

त्यांनी तीन शक्यता सांगितल्या. एक, जन्मतःच अशी असेल. गांडूळ नर-मादी दोन्ही असतं, तसं. पण या जातीत नर वेगळा, मादी वेगळी. दुसरी, पोटात एखादा किडा शिरून त्याने शरीराची घडी बिघडवली असेल. आणि तिसरी, बोटींचा रंग.

"रंग?" माझी मैत्रीण प्रमिला.

"बोटीच्या बुडाला शेवाळ, कालवं चिकटतात, बोट जड होते. म्हणून बुडाला विषारी रंग लावतात. त्यात कथिलाचं एक संयुग असतं. परदेशातल्या बंदरांत या रंगावर संशय घेतलाय. त्या संयुगाने मादीला नराचं इंद्रिय फुटतं म्हणतात."

प्रमिला घाबरली. "मॅडम, आमच्या पितळी भांड्यांना कल्हई करतात, ते कथीलच ना?"

"ते कथील गरीब गं. त्याला कार्बनच्या शेपट्या जोडल्या की ते बदलतं. तू बिनधास्त वरण कर." मग म्हणाल्या, "पण विचारलंस ते बरं केलंस. आपण कापसावर फवारतो त्याला आपण औषध म्हणतो. बोंडअळीसाठी फवारलेलं बोंडअळीपाशीच थांबतं का, हे कुणी विचारतं?"

त्या दिवशी घरी गेल्यावर मी आबांना हा प्रश्न विचारला. आबा फवारणीचा पंप धूत होते. धुतलेलं पाणी नेहमी नाल्यात ओतायचे. त्या दिवशी ते नाल्यापर्यंत गेले आणि पंप तसाच परत घेऊन आले.

मॅडमना बरणीतला प्राणी उघडून बघायचा होता. बाहेरून दिसतं त्यावर त्या समाधान मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आधी उघड, मग बोल," हे त्यांचं नेहमीचं. पण चौधरी सर ऐकेनात. सर माणूस वाईट नव्हते. शिस्तीचे, रुमाल चार घड्यांचा, कपाटाची किल्ली जानव्यासारखी जपणारे. ते म्हणत, "मॅडम, म्युझियममधला नमुना कापत नाहीत. आणि कापून तुम्ही चुकलात तर? नमुनाही गेला आणि माझं नावही."

"आणि बरोबर ठरले तर, सर? आपण इतकी वर्षं पोरांना खोटं शिकवतोय."

"परीक्षा मार्चमध्ये आहे. तोपर्यंत पुरावा आणा. नाहीतर बरणीवर नर आहे, नरच राहील."

झालं! मॅडम पेटल्या.

दर वर्षी प्राणिशास्त्राची सहल समुद्रावर जायची. त्या वर्षी मॅडमनी कोकणातलं बंदराचं एक गाव निवडलं, जिथे बोटी किनाऱ्यावर ओढून रंगवतात. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. वसंता तर पाण्यापाशी जाऊन "इतकं पानी आन् पेवाले कामनं नही!" म्हणून कपाळावर हात मारून बसला. मॅडमनी कुणाला फार वेळ समुद्र बघू दिला नाही. साड्या खोचा, पँटी दुमडा, कामाला लागा. अमळनेरहून आणलेले वनस्पती तुपाचे तीन रिकामे डबे होते. एकात धक्क्याजवळचे शंख, दुसऱ्यात गावाच्या टोकाचे, तिसऱ्यात लांबच्या निर्मनुष्य खडकांवरचे. डब्यांच्या झाकणांवर मॅडमनी पेन्सिलीने जागा लिहिल्या. धक्क्याजवळ बिघडलेल्या माद्या जास्त निघाल्या आणि लांबच्या खडकांवर निघाल्या नाहीत, तर रंगावरचा संशय बळकट होणार होता.

आणि मग परतीच्या गाडीत जे घडलं ते फक्त खान्देशातल्या पोरांच्याच हातून घडू शकतं.

कल्याण सोडल्यावर मॅडमचा डोळा लागला. तीन दिवस त्या उन्हात वाकून होत्या. आमची कामसू मंडळी, वसंता, प्रमिला आणि आणखी दोघं, डबे उघडून बसली. कुठलाही माल घरी आला की आधी त्याची निवड करायची, हे आमच्या हाडात आहे. मिरची असो, शेंगा असोत, कापूस असो. मोठा मोठ्यात, बारीक बारक्यात, डागी वेगळा. मनमाड येईपर्यंत त्यांनी तिन्ही डब्यांतले शंख वर्तमानपत्रावर ओतून सुंदर निवडले. मोठे एका डब्यात, मधले दुसऱ्यात, बारके तिसऱ्यात, फुटके कागदाच्या पुडीत. वरून झाकणं पुसून लख्ख केली!

मॅडम जाग्या झाल्या. वसंताने अभिमानाने डबा पुढे केला. "मॅडम, बघा. एकदम एक नंबर माल लावून दिलाय."

मॅडमनी डब्यात पाहिलं. मग दुसऱ्या डब्यात. मग पुसलेल्या झाकणांकडे. त्यांनी अगदी हळू विचारलं, "यातला धक्क्यावरचा कोणता?"

वसंताचा हात हवेत तसाच राहिला. प्रमिलाने पदर तोंडात कोंबला. गाडीच्या डब्यातले सगळे लोक आमच्याकडे बघायला लागले. आम्हाला वाटलं, आता या रडतील किंवा आम्हाला खिडकीतून फेकतील. आणि मॅडम हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "मार्केट यार्डात नेला असता तर पहिला भाव होता रे, वसंता! पण माझ्यासाठी हे आता नुसते शंख. कुठून आले ते गेलं, म्हणजे सगळंच गेलं."

तेव्हा मला त्यांचा तो पहिला प्रश्न कळला.

कॉलेजात चौधरी सरांनी सगळं ऐकलं आणि आपल्या परीने मार्ग सुचवला. "अंदाजाने वाटून घ्या मॅडम. कुणाला कळणारे?"

"मला," मॅडम म्हणाल्या.

पुढच्याच सुट्टीत त्या स्वतःच्या पैशाने परत निघाल्या. सोबत मी, प्रमिला आणि मॅडमच्या सासूबाई. सासूबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. अक्का का आल्या, तर त्यांचा अडकित्ता मॅडमनी पळवला होता म्हणून. शंख फोडायला त्याच्यासारखं हत्यार नाही. टणक कवच बेताने तडकतं, आतला जीव चिरडत नाही. अक्का वाटभर भांडत होत्या, "मना अडकित्ता तू किडास्ले वापरस. मी सुपारी काय दगडवर फोडू?" आणि मॅडम तितक्याच प्रेमाने, "अक्का, तुमचा अडकित्ता शास्त्राच्या कामाला आलाय."

"शास्तरले सुपारी लागस का?"

मला परवानगी देताना आबा एवढंच म्हणाले होते, "एकदा पाहिलेला किडा परत पाहाले जाई ऱ्हायनी? तो काय तुन्ही वाट देखी ऱ्हायना?" पण खिशातून भाड्याचे पैसे काढून दिले.

या वेळी धक्क्यावर एक बोट आडवी पडलेली होती आणि एक गडी तिच्या बुडाला लाल रंग देत होता. मॅडम थेट त्याच्याजवळ. "भाऊ, हा रंग कुठून आणता?" त्याने सांगितलं, गावातल्या दुकानातून, मुंबईहून येतो. याने बोटीला शेवाळही धरत नाही, कालवही धरत नाही. मॅडमनी विचारलं, "रंग किती दिवस टिकतो?" तो हसला. "टिकतो कसला बाई! सारखा थोडा थोडा पाण्यात उतरतो, म्हणून तर काही चिकटत नाही. परत लावावा लागतो."

मॅडम माझ्याकडे वळल्या. डोळे असे चमकत होते! "ऐकलंस? पाण्यात उतरतो."

या वेळी जागेची चिठ्ठी झाकणावर, डब्याच्या बुडाला आणि डब्याच्या आतही. तिन्ही डबे तीन रंगांच्या फडक्यांत बांधलेले, आणि लाल फडक्यातल्या धक्क्याच्या डब्यावर अक्का स्वतः बसून होत्या. "आते कोन निवडस ते देखस मी," म्हणत.

मग प्रयोगशाळेत आठवडाभर आमचा अडकित्ता वाजत राहिला. लांबच्या खडकांवरच्या माद्या साध्या, धडधाकट. गावाच्या टोकाच्या माद्यांत कुठे कुठे बारकीशी गाठ, इंद्रियाची नुसती सुरुवात. आणि धक्क्याजवळच्या? एकीमागून एक. बाहेरून नर, आत मादी. एका मादीत तर त्या नको असलेल्या वाढीने अंड्यांची वाटच बुजवली होती. कुप्या आतच अडकून काळ्या पडल्या होत्या. मॅडम ते बघताना अहिराणीतही बोलल्या नाहीत. भिंग खाली ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, "हिला पिल्लं द्यायचीच होती गं." एवढंच.

पोटात किडे कुठेच सापडले नाहीत. लांबच्या जागी काहीच नव्हतं, म्हणजे जन्माचा दोषही दिसत नव्हता. राहिला रंग.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या आधी नमुने मांडायचे होते. चौधरी सर कपाट उघडून उभे. आम्ही सगळे दाराशी, कारण बातमी फुटली होती. धक्क्यावरच्या माद्या मॅडमनी टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. सर एकेक बघत गेले. भिंग मागितलं. परत बघितल्या. मग कपाटाशी गेले, बरणी काढली आणि मॅडमच्या हातात दिली.

"उघडा," सर म्हणाले.

मॅडमनी विचारलं, "नक्की, सर?"

"उघडा म्हणतोय ना. मी चुकलो असेन तर मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या."

मॅडमनी बरणीचं झाकण काढलं. कात्रीचं टोक गेलं, कातडी बाजूला झाली, आणि ती ग्रंथी दिसली. जाड, पिवळट, अगदी त्या म्हणाल्या होत्या तशी. आणि तिच्या तोंडाशी अडकलेल्या काळ्या कुप्या. इतकी वर्षं "नर" म्हणून बरणीत उभी असलेली ती बिचारी मादी होती आणि तिच्या पोटात तिची अंडी होती.

"मादी शे!" वसंता दारातून ओरडला. आम्ही टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. ऑफिसातले कारकून धावत आले, कुणाचा वाढदिवस आहे म्हणून विचारायला. मॅडम मात्र सरांकडे बघत होत्या. सगळ्यांच्या आरड्याओरड्यात त्यांनी तो प्रश्न विचारला.

"सर, ही कुठून आणली होती?"

बरणीवर नर लिहिलेलं होतं, जागा लिहिलेली नव्हती. सरांनी चष्मा काढला. चार घड्यांच्या रुमालाने पुसला. म्हणाले, "मुंबईला बोटी दुरुस्त करतात तिथल्या पायऱ्यांवरून. नवा पांढरा शर्ट होता माझा. पहिल्या पगाराचा. एका बोटीला घासला आणि बाहीला लाल रंग लागला. आईने रॉकेलने घासला, सोडा लावला. शर्ट फाटला, पण डाग गेला नाही."

वसंता माझ्या कानात म्हणाला, "झालं! जिंकलो!" पण मॅडम मान हलवत होत्या.

"शर्टाचा डाग पुरावा नाही, सर. रंगातलं रसायन हिच्या अंगात मोजायला हवं, आणि ते यंत्र आपल्याकडे नाही. पण तुम्हाला आठवलं ते लिहून ठेवू."

जुनं लेबल सरांनी स्वतः भिजवून काढलं. नवं लिहायला पेन मॅडमपुढे धरलं. मॅडम म्हणाल्या, "बरणी तुमची, अक्षर तुमचंच पाहिजे." मग सरांनी त्याच सुबक अक्षरात लिहिलं: थायस, मादी. खाली जागा. त्याखाली मॅडमनी सांगितलं तसं: कारण, बोटीचा रंग असावा. "असावा" या शब्दावर सर अडले. "आता तरी 'आहे' लिहू?" मॅडम म्हणाल्या, "मोजल्यावर."

त्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बरणीसमोर पंधरा पोरांच्या "मादी" लिहिलेल्या उत्तरपत्रिका वाचल्या आणि चहा सोडून मॅडमना विचारायला आले. पुढे काय काय झालं ते मोठं आहे. मी पदवीधर झाले, शाळेत शिकवायला लागले. आबांनी गावात पेढे वाटले आणि "बेडकं कापनारी" म्हणणाऱ्यांना दोन दोन दिले.

मॅडम मला शेवटच्या दिसल्या त्या नव्वदच्या दशकात, जळगाव स्टेशनवर. केस पांढरे, भिंग तेच. मुंबईकडच्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या. बाकाखाली तीन फडक्यांत बांधलेले तीन डबे. मी धावत जाऊन नमस्कार केला. काय, कुठे, विचारायच्या आत त्याच सांगायला लागल्या, श्वास न घेता. मुंबईच्या एका प्रयोगशाळेने नमुने मोजायचं कबूल केलंय. रसायन मोजायचं यंत्र त्यांच्याकडे आहे. काही देशांनी छोट्या बोटींना तो रंग लावणं बंदही केलंय, आपल्याकडे अजून कुणाला पत्ता नाही. अक्का गेल्या, पण अडकित्ता पिशवीत आहे. आणि चौधरी सरांनी, निवृत्त होऊन घरी बसलेल्या चौधरी सरांनी, तिकीट काढून दिलंय. म्हणाले, आता तो "असावा" खोडून या.

शिट्टी झाली. माझ्या हातात घरी न्यायला घेतलेली केळ्यांची फणी होती, ती मी खिडकीतून त्यांच्या मांडीवर टाकली. गाडी हलली. मी बाजूने चालत होते, मग पळत होते. मॅडमनी फणी उचलली, भिंगापाशी नेली, आणि चाकांच्या आवाजावर मात करत, मान बाहेर काढून ओरडल्या,

"कुठून आणलीस?"